वाटे पाडणारा हात

१४ जुलै २०२५ची दुपार. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक पीडीएफ येऊन पडली. धाराशिव जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समित्यांचे गण यांची प्रारूप रचना. एरवी या ग्रुपवर सोयाबीनचा भाव, वाढदिवसांचे फोटो आणि ‘लाइट कधी येणार’ एवढंच चालतं. त्या दिवशी अर्ध्या तासात शंभरावर मेसेज झाले. कळंब तालुक्यातलं आमचं छोटंसं गाव जुन्या गणातून उचलून शेजारच्या गणात टाकलं होतं.

हरकत द्यायची मुदत २१ जुलैपर्यंत. म्हणजे हातात एक आठवडा. मराठी टायपिंग बरं जमणारी आणि नेमकी त्या आठवड्यात सुट्टीवर घरी आलेली मी एकटीच. संध्याकाळी चुलते ओसरीवर येऊन बसले आणि म्हणाले, “पोरी, एवढा एक अर्ज लिहून दे.”

काका मुद्दे सांगत गेले, मी मोबाइलवर टाइप करत गेले. नव्या गणातल्या मोठ्या गावाला जायला थेट रस्ता नाही. मधला ओढा पावसाळ्यात भरून वाहतो. बाजार, दवाखाना, हायस्कूल, सगळं जुन्या बाजूला. हे सगळं खरंच होतं. मग काका म्हणाले, “आता शेवटचा मुद्दा घे. आपलं गाव परत घेतलं की तिकडची लोकसंख्या वाढतीय. म्हणून शेजारचा तांडा तिथून काढून नव्या गणात द्यावा, म्हणजे समतोल राहील.” तांड्याची ग्रामपंचायत वेगळी आहे, त्यामुळे कागदावर हे सहज बसत होतं. मी तेही टाइप केलं. खाली पहिल्या पाच जणांत माझी सही आहे.

रात्री तांड्यावरच्या मैत्रिणीचा मेसेज आला. आम्ही दोघी दहावीपर्यंत एका बाकावर बसलेल्या. अर्जाचा फोटो फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचला होता. तिनं एकच ओळ लिहिली होती : “ओढा फक्त तुमच्याच गावाला आडवा येतो का गं?”

त्या ओळीला मी त्या रात्री उत्तर दिलं नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेलं उत्तर आहे.

थोरल्यानं पाडायचे, धाकट्यानं उचलायचे

आमच्याकडे भावाभावांत शेताची वाटणी होते तेव्हा एक जुनी रीत असते. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. विहिरीजवळची काळी जमीन एकाच तुकड्यात घातली तर तो तुकडा धाकटा उचलणार, हे थोरल्याला माहीत असतं. त्यामुळे तो आपोआप नीट वाटे पाडतो. या रीतीचं मला सगळ्यात आवडतं ते हे, की ती थोरल्याच्या चांगुलपणावर विसंबत नाही. तो लबाड असला तरी वाटणी सरळ होते.

जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९७१ साली ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या ग्रंथात हीच गोष्ट मोठ्या पातळीवर मांडली. समाजाचे नियम ठरवताना आपण कोण असणार आहोत हे कुणालाच माहीत नाही, अशी कल्पना करा. श्रीमंत की गरीब, बहुसंख्य की अल्पसंख्य, काही ठाऊक नाही. अशा अज्ञानाच्या पडद्याआडून जे नियम सगळ्यांना मान्य होतील, ते न्याय्य. आपल्या वाटणीत तो पडदा धाकट्याच्या हातात असतो.

मतदारसंघाची रेघ ओढताना नेमकी ही रीत मोडते. वाटे पाडणारा आणि आधी उचलणारा एकच असतो. ज्यांना निवडून यायचं आहे, त्यांच्याच हातात किंवा त्यांच्या हाताच्या अंतरावर पेन्सिल असते.

ही लबाडी जुनी आहे. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या कारकिर्दीत त्यांच्या पक्षाला सोयीचा एक मतदारसंघ इतका वेडावाकडा आखला गेला, की तो सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्यासारखा दिसतो अशी टिंगल झाली. गेरी आणि सॅलमँडर मिळून शब्द झाला ‘गेरीमँडर’. तेव्हापासून युक्त्या दोनच आहेत. एखाद्या समाजाची वस्ती पाच गणांत विखरून टाकली, की ती कुठंच कुणाला निवडून आणू शकत नाही. आणि ती सगळी एकाच गणात कोंबली, की तिला एक जागा मिळते आणि उरलेल्या चार ठिकाणी तिची कुणाला गरजच उरत नाही. दोन्ही वेळा प्रत्येकाला एक मत आहेच. मत कुणी हिसकावलेलं नाही. फक्त त्याचं वजन काढून घेतलेलं आहे.

पेन्सिल कुणाच्या हातात?

आपल्याकडे दोन पेन्सिली आहेत. लोकसभा आणि विधानसभेसाठी परिसीमन आयोग असतो. शेवटचा देशव्यापी आयोग न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली बसला आणि २००१च्या जनगणनेवरून त्यानं आखलेले मतदारसंघ २००८ मध्ये लागू झाले. खासदार-आमदार या आयोगात सहयोगी सदस्य म्हणून बसतात, बोलतात, पण त्यांना मत नसतं. ही व्यवस्था बऱ्यापैकी सभ्य आहे.

तरी तिनं आमच्या जिल्ह्यात काय काय हलवलं ते बघा. अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला कळंब विधानसभा मतदारसंघ संपला आणि कळंब उस्मानाबादला जोडलं गेलं. राखीव जागा उमरग्याला गेली. २००४ पर्यंत राखीव असलेली लोकसभेची जागा २००९ला खुली झाली. या लोकसभा मतदारसंघात आजही सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी आणि लातूर जिल्ह्यातलं औसा येतं. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, पण २०२४ला आम्ही मत दिलं ते ‘उस्मानाबाद’ मतदारसंघातच. नाव बदलण्यावर चौकाचौकात वाद झाले, हरकती गोळा झाल्या. कळंबचा मतदारसंघ गेला त्याबद्दल मात्र माझ्या पिढीतल्या कुणाला विचारलं, तर “असा मतदारसंघ होता का?” असं उत्तर येतं. नावाचा बदल दिसतो. रेघेचा दिसत नाही.

दुसरी पेन्सिल जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका आणि महापालिकांची. आमच्या जिल्हा परिषदेचे ५५ गट. प्रत्येक गटाचे दोन गण, म्हणून ११० गण. गटातून जिल्हा परिषदेचा सदस्य निवडायचा, गणातून पंचायत समितीचा. शाळेच्या खोल्या, प्राथमिक आरोग्य केंद्र, गावाला जोडणारा रस्ता, हे या सदस्यांच्या हातातलं काम. म्हणजे आपल्या रोजच्या जगण्याला सगळ्यात जवळची रेघ हीच, आणि सगळ्यात जास्त ओढाताणही हिचीच.

महापालिकांचंच बघा. मुंबई सोडली तर एका प्रभागातून किती नगरसेवक, हा आकडा २००२ला तीन होता, २००७ला एक, २०१२ला दोन, २०१७ला चार. दर वेळी कारणं दिली गेली. दर वेळी ती कारणं त्या त्या वेळच्या सत्तेला सोयीची निघाली, हा योगायोग मानायला फार मोठं मन लागतं.

मग २०२२चा मार्च. राज्य निवडणूक आयोगाचं प्रभाग रचनेचं काम चालू होतं. तेव्हा ओबीसींच्या राजकीय आरक्षणाचा पेच पडलेला होता. त्या पेचात विधिमंडळानं कायदे दुरुस्त केले आणि रचना ठरवण्याचा अधिकार आयोगाकडून राज्य सरकारकडे घेतला. एकमतानं. सत्ताधारी आणि विरोधक एरवी कशावरही एकत्र येत नाहीत, यावर आले. त्याच वर्षी सरकार बदललं आणि ऑगस्टमध्ये आधीच्या सरकारनं वाढवलेली सदस्यसंख्या नव्या सरकारनं पुन्हा मागे नेली. दरम्यान आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. पुढची तीन वर्षं उलटून गेली तरी तिथं एकही निवडलेला माणूस नव्हता. प्रशासक कारभार बघत होते. रेघ ठरत नव्हती म्हणून मत नव्हतं.

कुठल्या पक्षानं जास्त केलं, हा माझा मुद्दा नाही. माझा मुद्दा असा, की पेन्सिल ज्याच्या हातात येते तो तिचं टोक आपल्याच बाजूला काढतो. पक्ष बदलून हे थांबत नाही.

तिकडे लोकांनी सह्या गोळा केल्या

मग थांबवायचं कुणी? ज्यांचा फायदा आहे ते आपणहून पेन्सिल खाली ठेवणार नाहीत. अमेरिकेतल्या काही राज्यांत याला एक वाट आहे. ठराविक संख्येनं मतदारांच्या सह्या गोळा केल्या, तर एखादा प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर येतो. विधिमंडळाला विचारावं लागत नाही. लोक ‘हो’ म्हणाले, की तो कायदा. काही वेळा राज्याच्या घटनेतली दुरुस्तीसुद्धा.

मिशिगनची गोष्ट तर आपल्या फोनच्या काळातली आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर दोन दिवसांनी केटी फेही या तरुणीनं फेसबुकवर एक छोटी पोस्ट टाकली. मला मिशिगनमधलं गेरीमँडरिंग संपवायचं आहे, कुणाला सोबत यायचं असेल तर सांगा, अशा अर्थाची. राजकारणाचा अनुभव नाही, पैसा नाही. लोक जमत गेले. स्वयंसेवकांनी सव्वाचार लाखांहून जास्त सह्या गोळा केल्या. नोव्हेंबर २०१८ला प्रस्ताव मतपत्रिकेवर आला आणि सुमारे ६१ टक्के मतांनी मंजूर झाला. आता तिथं १३ साध्या नागरिकांचा आयोग रेघा आखतो. चार एका पक्षाचे, चार दुसऱ्या पक्षाचे, पाच कुणाचेच नाहीत. अर्ज मागवायचे आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करायची. कॅलिफोर्नियात हेच २००८च्या मतदानातून झालं, १४ जणांचा आयोग. अॅरिझोनात २०००मध्ये. तिथल्या विधिमंडळानं न्यायालयात दाद मागितली, तेव्हा २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ अशा निकालानं लोकांचा हा अधिकार मान्य केला.

वाचताना वाटतं, हे सगळं तिकडचं. आपल्या राज्यघटनेत अशी वाट नाही. उलट कलम ३२९ आणि पंचायतींसाठी कलम २४३-ओ सांगतं, की मतदारसंघांच्या आखणीच्या कायद्याला न्यायालयात आव्हान देता येत नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आखणी उघडउघड मनमानी असेल तर न्यायालय बघू शकतं. पण त्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावं लागणार. आमच्या गावातून तिथवर फार कमी लोक पोचतात.

तरीही ‘आपल्याकडे हे नसतंच’ असं म्हणणं खरं नाही. माझ्या आईनं असं मतदान घडवून आणलेलं आहे.

आडवी बाटली

महाराष्ट्रात गावातलं दारूचं परवानाधारक दुकान बंद करायचं असेल, तर २००८च्या आदेशानुसार एक रीत आहे. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते. मग गुप्त मतदान. चिन्हं दोनच : उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली, की दुकान बंद.

नीट बघा. नागरिकांच्या सह्या, त्यावरून मतदान आणि त्या मताचं बंधन सरकारवर. मिशिगनमध्ये जे झालं त्याचा सांगाडा हाच आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे तो दारूच्या बाटलीपुरता आहे.

मी कॉलेजात असताना आईनं आणि बचतगटातल्या बायकांनी ही खटपट केली. आई घरोघर फिरली. सही येत नव्हती त्यांचे अंगठे घेतले. मतदान झालं. आडव्या बाटलीला उभीपेक्षा कितीतरी जास्त मतं पडली. आणि आम्ही हरलो. अट झालेल्या मतदानाच्या निम्म्याची नव्हती, यादीतल्या एकूण नावांच्या निम्म्याची होती. मतदान ऊसतोडीच्या दिवसांत आलं. गावातली कितीतरी घरं कारखान्यांवर गेलेली. फडात कोयता चालवणारी प्रत्येक बाई, तिला हवं असो नसो, त्या दिवशी उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजली गेली.

आई तेव्हा एवढंच म्हणाली, “मतं कमी नव्हती. दिवस चुकला.” मला ते वाक्य नंतर कळलं. मतदानाचा दिवस, कुणाची नावं मोजायची, निम्मे कशाचे, हीसुद्धा एक आखणीच आहे. लोकांना मत द्यायला मिळालं म्हणजे प्रश्न सुटला असं नाही. मताच्या भोवतीही कुणीतरी रेघ ओढलेली असते.

बहुमत म्हणजे थोरला भाऊच

इथं मैत्रिणीच्या प्रश्नाकडे परत यावं लागतं. समजा आमच्या भागात मतदान घेतलं असतं, की तांडा या गणात असावा की त्या. आमचं गाव मोठं, तांडा लहान. आम्ही आरामात जिंकलो असतो. सह्यांनी, गुप्त मतदानानं, पूर्ण लोकशाही पद्धतीनं तांड्याला ओढ्यापलीकडे लोटून दिलं असतं. आणि आमची मनं साफ राहिली असती, कारण ‘लोकांनी ठरवलं’.

डॉ. आंबेडकरांना नेमकी हीच भीती होती. ४ नोव्हेंबर १९४८ला घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी घटनात्मक नीती ही माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते असं सांगितलं. खेड्याला आदर्श मानणाऱ्यांवर त्यांनी त्याच भाषणात कडक टीका केली. गावातलं बहुमत हे कितीदा तरी जन्मानं ठरलेलं असतं, विचारानं नाही, हे त्यांनी भोगलेलं होतं. वस्ती कुठं आहे यावरून माणसाची जात कळते, तिथं नकाशावरची रेघ ही जातीवरून ओढलेली रेघ व्हायला वेळ लागत नाही. म्हणून रेघेवर बहुमत घेणं म्हणजे पेन्सिल पुढाऱ्याकडून काढून थोरल्या भावाच्या हातात देणं. वाटे पाडणारा आणि उचलणारा पुन्हा एकच.

लोकांनी सीमेवर मत दिल्याचं एक मोठं उदाहरण मराठी माणसाला माहीत आहे. १६ जानेवारी १९६७चा गोव्यातला जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? विलीनीकरणासाठी फूल, वेगळं राहण्यासाठी दोन पानं. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. महाराष्ट्रातल्या पुष्कळांना तो निकाल बोचला, पण मान्य करावा लागला. तो कौल टिकला, याचं एक कारण मला असं वाटतं, की ज्यांना हलवायचं होतं त्यांनाच विचारलं होतं. मुंबई-पुण्यातल्या लाखो लोकांना ‘गोवा घ्यायचा का?’ असं विचारलं असतं, तर मतं भरपूर पडली असती आणि अर्थ काहीच उरला नसता. या मराठवाड्यानं उलट अनुभव घेतला आहे. १९५६ला आम्ही हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आलो, १९६०ला महाराष्ट्रात, १९८२ला लातूर जिल्हा आमच्यातून वेगळा झाला. यातलं काही चुकीचं होतं असं नाही. पण आमच्या घरात कुणी त्यावर मत दिल्याचं आठवत नाही.

नागरिकांचे आयोगही काही देवमाणसांचे नसतात. मिशिगनच्या त्याच आयोगानं डेट्रॉइट परिसरात आखलेले १३ मतदारसंघ डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयानं रद्द केले, कारण ते वंशाच्या आधारावर आखले होते आणि तिथल्या कृष्णवर्णीय मतदारांची ताकद त्यात विखुरली गेली होती. हेतू चांगला असूनही. आणि कॅलिफोर्नियाचं तर पुढे काय झालं बघा. २०२५ मध्ये टेक्सासमधल्या सत्ताधारी पक्षानं मुदतीआधीच आपल्या सोयीचा नकाशा आखला. त्याला उत्तर म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी आपल्याच आयोगाचा संसदेच्या जागांचा नकाशा काही वर्षांसाठी बाजूला ठेवला आणि विधिमंडळानं आखलेला पक्षाच्या सोयीचा नकाशा मंजूर केला. मतदानानं आणलेली शिस्त मतदानानंच गुंडाळली. ‘त्यांनी केलं म्हणून आम्ही केलं’ हे कारण मी समजू शकते. ते काकांचंही कारण होतं. पलीकडच्या गावाचा अर्ज आपल्या आधी गेलाय, असं ते मला सांगत होते.

मग मत कशावर द्यायचं?

या सगळ्यातून मला एक भेद दिसतो. तो छोटा आहे, पण त्यावर सगळं उभं आहे. रेघ कुठून जावी यावर लोकांनी मत देऊ नये. रेघ कोण ओढणार आणि कुठल्या नियमानं, यावर मात्र लोकांनीच मत द्यावं. आणि ते रेघ ओढायच्या खूप आधी द्यावं, जेव्हा आपलं गाव कुठं पडणार हे कुणालाच माहीत नसतं. त्या वेळी मोठं गाव आणि तांडा एकाच पडद्यामागे उभे असतात. उद्या आपण लहान वाटेकरी असू शकतो या भीतीनं मोठाही नीट नियम मागतो. नकाशा हातात आल्यावर ही संधी गेलेली असते. मग सगळ्यांनाच फक्त स्वतःच्या गावचा ओढा दिसतो.

यासाठी लागणारी अवजारं आपल्याकडे आहेत. सह्या आणि गुप्त मतदान आडव्या बाटलीनं शिकवलं. चिठ्ठी आपल्याला आरक्षणाच्या सोडतीनं शिकवली. जागा कुणासाठी राखीव हे ठरताना शाळकरी मुलाला पुढे बोलावतात आणि तो डब्यातून चिठ्ठी काढतो. त्या वेळी सभागृहातले बडे बडे लोक त्या लहान हाताकडे बघत गप्प बसलेले असतात. कारण त्या हाताला कुणाशी देणंघेणं नसतं. रेघ आखणारी माणसंही अशीच चिठ्ठीनं का निवडू नयेत? अर्ज मागवा, उमेदवारी करणारे आणि पक्षाचे पदाधिकारी वगळा, तालुक्यातालुक्यातून चिठ्ठ्या काढा, सोबतीला भूमापन आणि जनगणना कळणारे अधिकारी द्या, आणि प्रत्येक रेघेचं कारण लेखी मांडायला लावा. स्थानिक संस्थांसाठी हे करायला राज्याच्या विधिमंडळाचा कायदा लागेल. विधिमंडळ तो आपणहून करणार नाही. म्हणूनच सह्यांनी मागणी करायची आणि मतदानानं ती बंधनकारक व्हायची वाट हवी. ती वाटही आधी कायद्यानंच उघडावी लागेल, हे मला कळतं. दारूबंदीची वाटही कधीकाळी नव्हती. बायकांनी रेटा लावला, म्हणून ती कायद्यात आली.

कुणी म्हणेल, एवढ्या खटाटोपापेक्षा अधिकाऱ्यांवर सोडावं की. हे म्हणणं मी झटकून टाकणार नाही. कारण आमच्या हरकतीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं आहे. हरकत फेटाळली गेली. तांडा जिथं होता तिथं राहिला, आमचं गाव ओढ्यापलीकडच्या गणात गेलं. ऑगस्टमध्ये ते कळलं तेव्हा मला हायसं वाटलं. आणि मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. माझ्या हातून एक अन्याय होणार होता आणि तो अनोळखी माणसाच्या एका शेऱ्यानं टळला. त्यात माझं काहीच नव्हतं. उद्या तोच शेरा उलटा पडला असता, तरी त्यात माझं काहीच नसतं, फक्त सही असती. ज्या व्यवस्थेत आपण चांगलं वागलो की वाईट, यानं काहीच फरक पडत नाही, ती आपल्याला नागरिक म्हणून वाढू देत नाही. आंबेडकर म्हणाले ती जोपासना मग कुठं व्हायची?

म्हणून कायदा बदलेपर्यंत एक नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. हरकतीत जर दुसऱ्या कुणाला हलवायची मागणी असेल, तर त्या लोकांना विचारल्याशिवाय आणि त्यातल्या कुणाची तरी सही असल्याशिवाय माझी सही मिळणार नाही. मग तो अर्ज काका लिहायला सांगोत की आणखी कुणी.

दिवाळीत मी तांड्यावर गेले. मैत्रिणीच्या अंगणात बसून तिला हे सगळं सांगितलं. रॉल्स, मिशिगन, चिठ्ठ्या, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बरं. पण पुढच्या वेळी अर्ज लिहायला बसशील तेव्हा आधी मला फोन कर. तत्त्वज्ञान नंतर सांग.”

२०२५ची रचना २०११च्या आकड्यांवर झाली. २०२७च्या जनगणनेनंतर नवे आकडे येतील, आणि ५५ गटांच्या, ११० गणांच्या रेघा पुन्हा हलतील. तुमच्याही ग्रुपवर एका दुपारी पीडीएफ येऊन पडेल. मुदत कदाचित आठवड्याचीच असेल. आपलं गाव शोधाल तेव्हा त्याच पानावर शेजारच्या वस्तीचं नावही शोधा. तिचा नंबर तुमच्या फोनमध्ये आहे का, तेही बघून ठेवा.